जुन्या संगणकाच्या नव्या अवताराला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी का?

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश घरगुती संगणकाचा नवा अवतार असलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्टसारख्या, हौशी मंडळींपुरत्या निघालेल्या यंत्राला स्वतंत्र नोंद द्यावी की मूळ स्पेक्ट्रमच्या नोंदीत एक परिच्छेद पुरे, असे आपण विचारले आहे. स्वतंत्र नोंदच द्यावी.

एका मुक्त ज्ञानकोशात मी मराठीत लिहिलेली नेक्स्टची नोंद उल्लेखनीयतेचा, म्हणजे विषय स्वतंत्र नोंदीच्या योग्यतेचा नसल्याचा, शेरा मारून मूळ नोंदीत विलीन करण्यात आली, आणि गणपतीला बेळगावच्या टिळकवाडीत आमच्याकडे आलेल्या दाजींनी, जे मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत, मोदक खाता खाता त्याच निर्णयाची बाजू घेतली. ‘‘अरे, नक्कल ती नक्कल, तिला वेगळे पान कशाला?’’ मी माळ्यावरून मामांनी मुंबईहून आणलेला जुना स्पेक्ट्रम काढला आणि रबरी ‘जे’वर छापलेला ‘लोड’ हा अख्खा शब्द त्यांना दाखवला. १९८२ सालच्या या यंत्राचा झेड-८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो, तर नेक्स्ट २८ पर्यंत जातो. त्यात एफपीजीए चिपवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी रचता येणाऱ्या चिपवर, मंडलच नव्याने मांडलेले आहे, आणि मुळात नसलेले हार्डवेअर स्प्राइट्स (पडद्यावरची हलती चित्रे यंत्रानेच हाताळण्याची सोय) असल्यामुळे ते वापरून लिहिलेले खेळ जुन्या यंत्रावर चालतच नाहीत. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कोणताही टर्नर सांगेल की जुन्या ड्रॉइंगमध्ये सुधारणा करून काढलेला पार्ट आणि जुन्या पार्टला मारलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय नेक्स्टचे बाह्यरूप मूळ स्पेक्ट्रमचेच रचनाकार रिक डिकिन्सन यांनी घडवले. ते २०१८ मध्ये वारले. दाजींनी तेवढ्यात दुसरा मोदक घेतला.

याउलट कमोडोर ६४ या जुन्या संगणकाची २०१८ मधली प्रतिकृती ‘द सी-६४ मिनी’ पाहा: अर्ध्या आकाराचे खोके, नुसत्या दिखाऊ कळा आणि आत एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली. तिथे मी परिच्छेदावर समाधान मानीन.

अर्थात निर्मात्याचे स्वतःचे संकेतस्थळ किंवा किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरील २०१७ च्या मोहिमेचे पान हा पुरावा धरला जात नाही. त्रयस्थांनी लिहिलेली सविस्तर परीक्षणे लागतात, मात्र ती मराठीतच असली पाहिजेत असे नाही. दाजींचा खरा आक्षेप वेगळाच होता: हे मराठीत वाचणार कोण? दर वर्षी १ नोव्हेंबरला सीमाभागातील मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत पुढे चालणाऱ्या आणि दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी भांडणाऱ्या गृहस्थांनी हे विचारावे, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.