शाळेच्या संगणक कक्षासाठी मोफत, मुक्तस्रोत अँटीव्हायरस कोणता?

शाळेतील 25 विंडोज संगणक एकाच नेटवर्कवर आहेत आणि त्यांवर मोफत, मुक्तस्रोत अँटीव्हायरस बसवायचा आहे, असा आपला प्रश्न आहे. मी काही वर्षे एका शाळेचा संगणक कक्ष सांभाळत आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

मुक्तस्रोत ही अट पक्की असेल, तर व्यवहारात क्लॅमएव्ही हेच नाव उरते. विंडोजसाठी त्यावरच बेतलेले क्लॅमविन आहे. मात्र विंडोजवर ही दोन्ही फाइल उघडताक्षणी ती अडवत नाहीत. आपण तपासायला सांगू तेव्हाच तपासतात. विद्यार्थी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह घेऊन येतो, त्यातले फोल्डर लपलेले असतात, त्यांच्याच नावाचे, विषाणू सुरू करणारे शॉर्टकट दिसतात आणि तो त्यांवर डबल क्लिक करून मोकळा होतो. अशा वेळी रात्रीची तपासणी काय कामाची? म्हणून विंडोजमधला डिफेंडर हा अंगभूत अँटीव्हायरस चालूच ठेवावा. तो मुक्तस्रोत नाही, पण निव्वळ तत्त्वापायी तो बंद करणे मला पटत नाही.

क्लॅमएव्हीची खरी जागा सर्व्हरवर आहे. आमच्याकडे सामायिक फोल्डर एका लिनक्स संगणकावर आहेत आणि तेथे रोज रात्री तपासणी होते. क्लॅमएव्हीची क्लॅमडी ही सेवा विषाणू ओळखायच्या सर्व खुणा मेमरीत भरून ठेवते, त्यामुळे त्या संगणकाला किमान 3 जीबी रॅम हवी. 2 जीबीच्या जुन्या यंत्रांवर ती लादू नये.

खुणा अद्ययावत करण्यात माझी एक चूक झाली होती. मी प्रत्येक संगणकावर फ्रेशक्लॅम, म्हणजे नव्या खुणा उतरवून घेणारे क्लॅमएव्हीचे साधन, स्वतंत्रपणे चालू केले. शाळेचे सगळे संगणक इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्याने दिसत असल्याने मागण्यांची मर्यादा ओलांडली गेली आणि 429 (फार मागण्या) हा त्रुटीसंदेश येऊ लागला. आता सीव्हीडीअपडेट हे साधन एकाच संगणकावर खुणा उतरवून घेते आणि बाकीचे त्या स्थानिक प्रतीवरून घेतात. इंटरनेटवरचा भारही त्यामुळे वाचतो.

सापडलेली फाइल थेट पुसण्याचा पर्याय मात्र निवडू नका, ती वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. मॅक्रो (फाइलीतच साठवलेल्या आज्ञा) असलेल्या फाइलींवर इशारा देणारी सोय मी एकदा चालू केली, तेव्हा पहिल्याच रात्री पकडली गेली ती वर्गशिक्षकांची निकालपत्रकाची एक्सेल फाइल.