तू तिला नेमकं काय समजावलंस?

पत्र:

मावशी, नमस्कार. वय 28, आयटीत आहे, विजयनगरला राहतो. विषय बालिश वाटेल पण प्लीज हसू नका. मी लहानपणापासून पोकेमॉनचा, म्हणजे मॉन्स्टर पकडायच्या त्या जपानी गेमचा वेडा. परदेशातला एक समीक्षक आहे, तो फक्त मॉन्स्टरच्या डिझाइनवर लिहितो, जेवढं विचित्र तेवढं त्याला आवडतं, बुरशी, अळ्या, तोंडच नसलेलं काहीतरी. सहा वर्षं त्याचं एकेक वाक्य वाचलंय, दुसऱ्यांना वाचायला लावलंय. मागच्या महिन्यात त्यानं चारिझार्डला, म्हणजे माझ्या सगळ्यात लाडक्या पोकेमॉनला, 'नुसता एक ड्रॅगन' म्हणून दोन ओळींत उडवलं आणि ट्रबिशला, म्हणजे चक्क कचऱ्याच्या पिशवीला, पैकीच्या पैकी मार्क दिले. सगळे फॅन पेटले. मी पण दोन रात्री जागून 17 मुद्दे लिहून पाठवले की वस्तूला डोळे चिकटवले म्हणजे डिझाइन होत नाही, जुने बरे होते, ते प्राणी तरी होते. त्याचं उत्तर आलं, 'वाचून मजा आली.' बस. मित्र म्हणतात सोड ना भिया. पण झोप लागत नाही, फसवल्यासारखं वाटतंय. घरी पण तेच, भाची (दुसरीत आहे, रविवारी माझ्याकडे असते) म्हणाली तिला पिशवीच आवडते, तिला मी नीट समजावलं, हल्ली चित्रं वगैरे दाखवत नाही, असो. तर विचारायचं हे की त्याला वाचणं सोडू का, आणि त्यानं माफी मागावी असं वाटणं चूक आहे का?
– दुखावलेला फॅन, इंदूर

उत्तर:

अरे दुखावलेल्या,

हसले नाही. पण तुझी झोप उडाली हे वाचून वाईटही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'असो'पाशीच अडकले. सहा वर्षं, दोन रात्री, 17 मुद्दे, सगळ्याचा हिशोब चोख दिलायस, आणि सात वर्षांची पोरगी चित्रं दाखवायची थांबली ते कंसाच्या शेजारी एका ओळीत उरकलंस, वर 'असो'. आणि त्याच्या आधीचा तो शब्द, 'नीट समजावलं'. आपल्या घरांमधून समजावणं म्हणजे काय असतं ते मला सांगू नकोस, मी पण त्याच घरांमधून आलेय. समोरचा गप्प बसेपर्यंत बोलायचं आणि तो गप्प बसला की म्हणायचं, समजलं त्याला.

17 मुद्दे तिलाही ऐकवलेस ना? सगळे नसतील, पाचसहा तरी. त्या माणसाला तू जे पाठवलंस ते वाचून त्याला मजा आली, कारण तो मोठा आहे, रोज असली पन्नास पत्रं खात असेल. तिला मजा आली नसणार. तिचा मामा, ज्याच्याकडे ती रविवारची वाट बघते, ज्याच्याइतका मॉन्स्टरमधला जाणकार तिच्या जगात दुसरा कोणी नाही, त्यानं तिला सांगितलं की तुला जे आवडतं ते चुकीचं आहे. आता ती वही घेऊन तुझ्यासमोर कशाला येईल? परत समजावून घ्यायला?

तर झोप त्या समीक्षकानं उडवलेली नाहीये, असं मला वाटतं. तुझं तू बघ.

आता तुझ्या मुद्द्यांवर येते, कारण मी तीन दिवस खर्च केलेत या विषयावर, ते वाया कशाला घालवू. नातवाला बसवलं शेजारी, त्याला वाटलं आजीला काहीतरी झालंय. तू म्हणतोस जुने प्राणी होते, नवे म्हणजे वस्तूंना डोळे. अरे 1996 साली पहिला गेम आला तेव्हा एकूण 151 होते, आणि त्या 151 मध्ये व्होल्टॉर्ब आहे, तो पोकेमॉन पकडायच्या बॉलसारखाच दिसतो फक्त वर रागावलेले डोळे, मॅग्नेमाइट आहे, एक डोळा आणि दोन्हीकडे लोहचुंबक, अंगाला स्क्रू, एक्सेग्क्यूट म्हणजे सहा अंड्यांचा घोळका आणि ग्रायमर म्हणजे गटाराचा नुसता गाळ. हे तुझे जुने बरे. तुझी कचऱ्याची पिशवी 2010 ची, म्हणजे ती चौदा वर्षं उशिरा आली एवढाच तिचा गुन्हा, तोपर्यंत तू सहावीसातवीत गेला होतास आणि तुला मिसरूड फुटायचे वेध लागले होते. पिशवी बिघडलेली नव्हती, तू मोठा झाला होतास.

आणि वस्तूला डोळे हे जपानी लोकांचं फार जुनं आहे, हे मला नव्यानंच कळलं. त्यांच्याकडे समजूत अशी की घरातली वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो, मग ती टाकून दिलेली छत्री एका डोळ्यानं बघत एका पायावर उड्या मारते. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकारानं 1784 मध्ये असल्या जिवंत झालेल्या भांड्याकुंड्यांचं अख्खं पुस्तक काढलंय.

पण जपान कशाला, तुझ्या स्वतःच्या बारशाला काय झालं ते आईला विचार. बायका पाळण्याभोवती बसल्या असतील आणि तुझ्याआधी वरवंट्याला बाळ केलं असेल. काळा दगडाचा वरवंटा, ज्यानं आदल्या दिवशी चटणी वाटली, त्याला तेल लावून, कुंची घालून, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या वरून खालून फिरवला असेल. माझ्या धाकट्या दिराच्या मुलीच्या बारशाला तर कुंची मोठी झाली आणि वरवंटा त्यातून घसरून थेट आत्याबाईंच्या पायावर आला, त्या कळवळल्या पण आधी म्हणाल्या काय, 'अगं बाळाला लागलं का बघा.' कुणी त्यांना समजावलं नाही की तो दगड आहे. भाद्रपदात कित्येक घरी नदीचे खडे गौरी म्हणून पाटावर बसतात, त्यांना हळदकुंकू, त्यांना पुरणपोळी. आणि या घरातला मुलगा आयटीत जाऊन म्हणतो की वस्तूला जीव लावणं म्हणजे आळशी डिझाइन!

आणि तू राहतोस कुठे, इंदूरला. जिथे चिंचाळकर गुरुजी होऊन गेले, ज्यांना वाळक्या पानात, झाडाच्या सालीत, कागदाच्या कपट्यात माणसं नि जनावरं दिसायची, लोक ज्याला कचरा म्हणायचे ते उचलून त्यांनी चित्रं केली. आणि जिथे 2017 पासून आपण स्वच्छतेत पहिले म्हणून छाती काढून फिरतो. तुझ्या भाचीचा जन्मच त्यानंतरचा. तिला कचऱ्याची पिशवी तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की तिची आई ओला वेगळा सुका वेगळा करत दाराकडे पळते, पिशवी फुगलेली असते, भिंतीला टेकून वाकडी बसलेली, वर गाठीचे दोन कान. पोर रोज बघते हे. तिनं त्या पिशवीला ओळखलं, एवढंच झालं. ट्रबिशची गोष्टच मुळी अशी की कचऱ्याची पिशवी आणि कारखान्याचा घातक कचरा एकत्र येऊन तो जन्मला, आणि तो ढेकर देतो ती गॅसची असते. आता आपल्या देवगुराडियाला रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढायचा प्लांट 2022 मध्ये सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस चालतात. म्हणजे इंदूरची पोरगी ज्या पिशवीवर जीव लावते तिच्या ढेकरेवर तू कदाचित ऑफिसला जात असशील. हे तुझ्या 17 मुद्द्यांत कुठे होतं?

चारिझार्डबद्दल पण बोलून टाकते. दिसायला झकास आहे, मला आवडला. (नातू म्हणतो आजी तो दिसतो ड्रॅगन पण पहिल्यापासून त्याचा टाइप आग आणि उडणारा, ड्रॅगन नाहीच, यावर पण तुम्हा लोकांची भांडणं झाली असतीलच.) पण तो पहिल्या गेमच्या लाल डब्यावर छापलेला, चिप्सच्या पाकिटात त्याचा टाझो, म्हणजे चित्राची ती गोल चकती, निघाला की पोरं गल्लीभर ओरडत सुटायची, त्याच्यावर जीव टाकणारे जगभर पडलेत. ज्याच्या गळ्यात एवढे हार त्याला अजून एक नाही घातला एका माणसानं, तर त्याचं काय अडलं? त्या समीक्षकाचं काम मला तरी असं दिसतं की वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्यांकडे तो आधी जातो. सहा वर्षं तुला त्याचं तेच आवडत होतं, बुरशी आवडली, अळ्या आवडल्या. मग तुझ्या लाडक्याला त्यानं शेवटच्या बाकावरच्या कुणाच्या तरी मागे उभं केलं आणि तो फसवा ठरला. माफी कसली मागायची त्यानं, पिशवी आवडल्याची?

हा खेळ ज्यानं काढला तो सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत हिंडायचा, बाकीची पोरं त्याला डॉक्टर किडा म्हणून चिडवायची. चिडवलं तरी त्याचं थांबलं नाही. पण चिडवणारी पोरं वेगळी आणि लाडका मामा वेगळा, हे लक्षात घे. पोरांच्या चिडवण्यावर चिडता येतं. मामानं प्रेमानं, मांडीवर घेऊन, मुद्देसूद समजावलं तर पोरीनं काय करायचं? ती वही बंद करते.

राग आलाय मला, दिसतोच आहे. माझ्या मुलीनं पाचवीत असताना चार पायांचा माठ काढला होता, तोटीला नाक केलेलं, आणि मी स्वयंपाकघरातून मागे वळून म्हणाले होते, 'माठाला कुठे पाय असतात.' मान वर करून बघितलं पण नव्हतं नीट, फोडणी करपत होती. ती आज चाळीस वर्षांची आहे आणि त्या माठाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला आठवतो, तिला आठवतो की नाही विचारायची हिंमत नाही होत. तू अजून उशीर केलेला नाहीस, फार तर चार रविवार गेलेत.

तेव्हा त्या माणसाला वाचायचं तर वाच, नाही तर सोड, मला त्यात काडीचा रस नाही. येत्या रविवारी मात्र एक कर. पोहे-जिलेबी झाली की जमिनीवर बस, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, आणि तू स्वतः ती पिशवी काढायला घे. वाईटच काढशील, तेच पाहिजे. सॉरी बिरी म्हणू नकोस, त्याचं परत भाषण होईल, मला तुझा स्वभाव कळलाय. नुसता काढत बस. ती लांबून बघेल. मग येईल आणि म्हणेल मामा असं नसतं ते, कान चुकले. म्हणाली की पेन तिच्या हातात दे आणि विचार, ही खाते काय, रात्री झोपते कुठे, गाडीत टाकल्यावर घाबरते का. आणि ती जे सांगेल त्यात एक अक्षर दुरुस्त करू नकोस, अगदी तिनं तुझ्या चारिझार्डला पिशवीत भरून गाडीत टाकलं तरी. ते चित्र कुठे टाकायचं पण नाही, फ्रीजवर लाव.

आणि जाता जाता दुकानातून गडद हिरवा स्केचपेन नवा घे. पिशवी काळी नाहीये, हिरवी आहे, मी बघितली.

– मावशी