महापुरात हायब्रिड गाडीवर ऑक्सिजनचं मशीन चालेल का?

प्रश्न : काका, आम्ही कोल्हापुरात रमणमळ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं आणि वीज कितीतरी दिवस नव्हती. आता सासूबाईंना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन लागतं, पाच लिटरचं. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची आहे, पण मशीन लावलं की तीन तासांत मान टाकते. गेल्या वर्षी आम्ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी स्ट्राँग हायब्रिड गाडी घेतली. एक दुकानदार म्हणतो, १५०० वॉटचा इन्व्हर्टर गाडीला बसवा, फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं चालेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, गाडीत एवढी मोठी बॅटरी आहे तर थेट तिच्यातूनच वीज घेऊ. नेमकं काय करावं?
– एक वाचक, रमणमळा

उत्तर : ताई, मशीन चालेल, मोटर चालणार नाही. आणि मोठ्या बॅटरीला घरातल्या कोणीही हात लावायचा नाही, हे आजच सांगून ठेवा.

ती बॅटरी दिसते मोठी, पण तिच्यात साठा किती असतो? हायरायडर किंवा ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये जेमतेम पाऊण युनिट. तुमचं मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास खातं, म्हणजे दोन तासांत बॅटरी संपली. दाब मात्र पावणेदोनशे व्होल्टच्या वर, तोही डीसी. नारिंगी वेष्टनाच्या केबली दिसतात ना, त्या सगळ्या या दाबाच्या. तिथं जोड मारायला सांगितलं तर मी नाही म्हणेन, आणि जो वायरमन हो म्हणेल त्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.

तुमचा खरा साठा पेट्रोलच्या टाकीत आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये साध्या गाडीसारखा इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा डबा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला सतत वीज पुरवतो. मोठी बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, ती थोडी भरतं आणि पुन्हा गप्प बसतं. या १२ व्होल्टच्या बाजूला इन्व्हर्टर जोडला की रात्रभर वीज मिळते आणि इंजिन मधूनमधूनच चालतं. कमी लोडसाठी जनरेटरपेक्षा हे कितीतरी शांत आणि काटकसरीचं. जपानमध्ये २००१ सालच्या टोयोटा एस्टिमा हायब्रिडला कारखान्यातूनच १५०० वॉटचा सॉकेट होता. २०११च्या भूकंपात वीज गेली तेव्हा लोकांनी त्यावर घरातली उपकरणं चालवली आणि मग कंपनीनं तशी सोय प्रियसलाही दिली. आपल्याकडच्या गाड्यांना तो सॉकेट नाही, म्हणून ही खटपट.

आता दुकानदाराचे १५०० वॉट. १२ व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे तूट धरून १४० अँपिअर. तो कन्व्हर्टर साधारण शंभर अँपिअरचा, आणि त्यातले पंचवीस-तीस गाडी स्वतःसाठीच घेते. उरलेलं १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढलं जातं. ती बॅटरी हायब्रिडमध्ये मुद्दाम लहान ठेवलेली असते, कारण तिला इंजिन फिरवायचं नसतं. ती उतरली की गाडीचे संगणकच जागे होत नाहीत आणि पेट्रोलनं भरलेली गाडी जागेवर पडून राहते. म्हणून चालू लोड ५०० वॉटच्या आत ठेवा. मशीन साडेतीनशे, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा तीस, दोन एलईडी वीस, वायफाय आणि मोबाइल मिळून तीस. एवढं बसतं. मिक्सर, इस्त्री, गीझर, इंडक्शन, मोटर यांचा विचार सोडा. फ्रिज चालताना दीडशे वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट ओढतो. मशीन चालू असताना फ्रिज जोडू नका. दिवसा, मशीन बंद असताना, अधूनमधून तासभर चालवत राहिलात तर औषधं आणि दूध टिकायला मदत होईल.

इन्व्हर्टर १००० वॉटचा घ्या, कारण मशीनचा कॉम्प्रेसरही सुरू होताना झटका देतो. तो ‘प्युअर साइन वेव्ह’च हवा, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा. स्वस्तातल्या चौकोनी वेव्हवर कॉम्प्रेसर घुमतो, तापतो, आणि मशीनचा अलार्म वाजत राहतो.

आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये एकानं जळलेला इन्व्हर्टर आणला होता. डबा उघडला तर आत सगळं ठणठणीत. जळली होती ती वायर. घरातल्या सॉकेटची चार स्क्वेअर एमएमची वायर त्यानं बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत ओढली होती. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा डोळा, मशीननं दाबलेलाच नव्हता, पकडीनं नुसता चेपला होता. तिथं तांबं काळं पडलेलं, वरचं प्लास्टिक वितळून डिकीच्या गालिच्यात रुतलेलं. फ्यूज कुठंच नाही. मागं गाडीत पोरं झोपतात, हे तो मला सांगत होता आणि माझं लक्ष त्या लगवर होतं. तुमच्या गाडीत २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, लांबी दीड मीटरच्या आत, लग क्रिंपिंग मशीननं दाबलेले, आणि पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ८० अँपिअरचा फ्यूज, यात काडीची तडजोड नको. त्या केबलच्या टोकाला अँडरसन कनेक्टर (जास्त अँपिअरचा, हातानं काढता-घालता येणारा जोड) लावून घ्या, म्हणजे एरवी इन्व्हर्टर घरात आणि लागेल तेव्हा गाडीत. बॅटरी कुठं आहे ते पुस्तिकेत पाहा. काही गाड्यांत ती मागं असते आणि बोनेटखाली फक्त जम्प-स्टार्टचा टर्मिनल असतो. त्या टर्मिनलवरून तासन्‌तास लोड घ्यायचा नसतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर तर १२० वॉटच्या वर काही नाही. आणि काम करण्याआधी वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला लेखी विचारून ठेवा.

वापरताना गाडी ‘रेडी’त, म्हणजे निघायला तयार अवस्थेत हवी. नुसत्या ‘ऑन’मध्ये पडद्यावर दिवे लागतात, पण कन्व्हर्टर बंद असतो आणि छोटी बॅटरी उतरते. गिअर ‘पी’त, हँडब्रेक ओढलेला. ‘एन’मध्ये ठेवलीत तर मोठी बॅटरी चार्जच होत नाही. एसी आणि हेडलाइट बंद. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते, तिच्यावर पिशव्या रचू नका.

धुराचं नीट वाचा, ताई, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. या गाडीचं इंजिन बंद दिसतं म्हणून माणूस गाडीच बंद समजतो. पहाटे तीनला सगळे झोपेत असताना ते आपोआप सुरू होतं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस झोपेतच जातो. शटर ओढलेलं गॅरेज, वाड्याचा बंद सोपा, बेसमेंट, यातली कुठलीच जागा चालणार नाही. पाऊस लागतो म्हणून गाडीवर ताडपत्री घालणंही नको. गाडी उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड घरापासून उलट, आणि त्या बाजूच्या खिडक्या बंद. ज्यांना आधीच श्वासाचा त्रास आहे त्यांच्या खोलीत हा धूर थेंबभरही जाता कामा नये.

वीज घरात न्यायची ती वेगळ्या एक्स्टेन्शन बोर्डनं, धुरापासून लांबच्या बाजूच्या खिडकीतून. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमध्ये घालणारे आहेत; ती वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाचा जीव घेऊ शकते. पुरात तीच माणसं कमरेएवढ्या पाण्यातून आपल्यासाठी आलेली असतात.

घरचा इन्व्हर्टर गाडीवरून चार्ज करता येईल का, हेही तुमच्या मनात येईल. येतो, पण १५० एएचची रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात, आणि गाडीची वीज मिळताच तो घराचा सगळा लोड तिच्यावर टाकतो. त्यापेक्षा मशीन थेट गाडीवर ठेवा आणि घरची बॅटरी भरलेलीच राखीव असू द्या. गाडीकडं काही बिघडलं तर मधले तीन तास तीच देईल.

पेट्रोलचा हिशेब असा. एका लिटरमागं दीड ते दोन युनिट हाती लागतात. दहा तासांच्या रात्रीला गाडीचा स्वतःचा खर्च धरून अडीच-तीन लिटर. ४५ लिटरची भरलेली टाकी आठवड्याच्या रात्री सहज काढते. युनिट पन्नास रुपयांच्या वर जातं, म्हणून एरवीच्या तास-दोन तासांच्या भारनियमनाला हे वापरू नका.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट. पाणी तुमच्या पार्किंगमध्ये येतं. मग महापुरात गाडी तिथं असेल कशी? आणि पाण्यात उभी राहिलेली हायब्रिड गाडी कंपनीच्या माणसानं तपासल्याशिवाय सुरूच करायची नसते. म्हणून हा बेत रमणमळ्यासाठी नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की टाकी फुल्ल करा, आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठायच्या आत सासूबाई, मशीन, सिलिंडर, औषधं आणि गाडी असं सगळं उंचावर न्या. राजारामपुरी, टाकाळ्याकडं कोणी नातेवाईक असतील तर आत्ताच त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या अंगणात गाडी कुठं लावायची ते पाहून या. तिथं पाणी येणार नाही, पण वीज जाऊ शकते, आणि तिथंच गाडी कामाला येईल. पेट्रोल नंतर भरू म्हणू नका. २०१९ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला तेव्हा पंपांवर काय हाल होते ते तुम्ही पाहिलंय.

भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर मशीनशेजारी हवाच. किती लिटरचा आणि किती तास पुरेल, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पावसाळ्याआधी एका रात्री, वीज असताना, सगळी जोडणी करून मशीन चालवून बघा. अर्ध्या तासानं केबलच्या लगांना हात लावा. कोमट असतील तर ठीक, चटका बसला तर जोड पुन्हा करून घ्या.

प्रश्न : माझ्या एर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय. बायको घरी पिको-फॉल करते, लाइट गेली की काम अडतं. आम्हालाही हा उपाय चालेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. तुमची गाडी माइल्ड हायब्रिड आहे. तिचं इंजिन उभ्या गाडीत लागेल तसं आपणहून चालू-बंद होऊन वीज भरत बसत नाही, ते सतत चालू ठेवावं लागेल आणि तासाला अर्धा लिटरहून जास्त पेट्रोल जाईल. पिको-फॉलच्या कमाईत ते परवडणारं नाही. घरगुती शिलाई मशीनची मोटर साधारण शंभर वॉटची असते, पाटीवर पाहून घ्या. १०० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि साइन वेव्हचा घरगुती इन्व्हर्टर घेतलात तर मशीन, दिवा आणि पंखा मिळून चार-पाच तास निघतील. मोटर क्लचवाली मोठी असेल तर आधी तिच्या जागी सर्व्हो मोटर बसवा, तिला वीज बरीच कमी लागते.