वळताना आणि दारात पाय चिकटतात, त्यावर कोणता व्यायाम?

पार्किन्सन्स असलेले तुमचे वडील रोज अर्धा तास चालतात, तरी दारात आणि वळताना त्यांचे पाय जमिनीला चिकटतात, असं तुम्ही लिहिलंय. चालणं चालू राहू द्या, पण नुसत्या चालण्याने हे सुटणार नाही. पायांत ताकद असते. पार्किन्सन्समध्ये बिघडतं ते आपोआप पाऊल पडणं. त्यामुळे प्रत्येक पाऊल मुद्दाम, लक्ष देऊन टाकायचा सराव लागतो.

दाराच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर उठून दिसणाऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा. वडिलांचं सध्याचं पाऊल मोजा आणि दोन पट्ट्यांत त्याहून थोडंसंच जास्त अंतर ठेवा. फार लांब ठेवलंत तर तोल जाईल. प्रत्येक पट्टी ओलांडायची, टाच आधी टेकवायची. बाहेर मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे एका लयीत टकटक ठोके देणारं ॲप, वापरा आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकायचं. त्यांची मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा आणि ठोके त्याहून दहाएक टक्के कमी ठेवा. इथे बरेच जण उलट करतात, ठोके वाढवतात. मग पावलं आणखी तोकडी होऊन पाय लवकर अडकतात.

जागच्या जागी गर्रकन वळणं कायमचं बंद. जागा असेल तर मोठा अर्धगोल घेऊन वळायचं. नसेल तर पायाखाली घड्याळ आहे असं समजायचं आणि पाय उचलून 12 वरून 3 वर, मग 6 वर न्यायचा. वळताना त्यांच्याशी बोलू नका, हातात काही देऊ नका.

पाय अडकलाच तर कृपा करून हात धरून ओढू नका. धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. पूर्ण थांबायचं, ताठ उभं राहायचं, टाचा टेकवायच्या. वजन सावकाश डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा न्यायचं आणि मोकळ्या झालेल्या पायाने एक मोठं पाऊल. 'चला, चला' म्हणून घाई केली की पाय जास्तच चिकटतात.

सराव पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चांगला असताना करा, सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवंच. असर असतानाही पाय अडकत असतील, तर कोणत्या वेळी अडकतात हे आठवडाभर लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. कधी कधी औषधाच्या वेळा बदलाव्या लागतात. उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी बीपी मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त घसरत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभ्याने व्यायाम नको.

आणि पट्टीची कड उचकटली की ती त्याच दिवशी बदला. तिच्यात पाय अडकतो.