अमेरिकेत गाडीवाचून अडतं, मग युरोपात का नाही?

अमेरिकेत गाडीशिवाय राहता येतं का आणि युरोपात लोकांचं कसं भागतं, असं तुम्ही विचारलंय. मी डॅलसजवळच्या एका उपनगरात सहा वर्षं काढली, आता व्हिएन्नात राहतो.

‘अमेरिका केवढी मोठी, गाडी लागणारच’ हे मला पटत नाही. रोज उठून कुणी न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला जात नाही. रोज लागतं ते दूध, शाळा, दवाखाना. आमच्या घरापासून सगळ्यात जवळचं दुकान चार किलोमीटरवर होतं, कारण घरांच्या मध्ये दुकान काढायला परवानगीच नव्हती. राहायचा भाग वेगळा, दुकानांचा वेगळा, हे झोनिंग तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९२६ सालीच वैध ठरवलं. त्यात बहुतेक गावांत दुकानापुढे ठरावीक पार्किंग ठेवायची सक्ती. वस्ती अशी विखुरली की बसच्या एका थांब्यावर चढणार तरी किती जण? पुढे १९५६च्या कायद्यानं इंटरस्टेट, म्हणजे राज्यांना जोडणाऱ्या महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारनं उचलला. लॉस एंजलिसमध्ये तर एकेकाळी विजेवरच्या ट्रामगाड्यांचं प्रचंड जाळं होतं. त्यातली शेवटची ‘रेड कार’ १९६१ साली बंद झाली.

आई डॅलसला तीन महिने आली होती. आयुष्यभर एकटीनं मंडईत जाणारी बाई, पण तिथे कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मी ऑफिसातून येईपर्यंत खिडकीशी बसून राहायची. फुटपाथ कोपऱ्यावरच संपायचा. मला ते बघवत नसे.

व्हिएन्नात आली, तेव्हा चौथ्या दिवशी ४४ नंबरच्या ट्रामनं एकटी ब्रुननमार्क्टच्या बाजारात गेली. ट्रामला पायरी नाही, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. जर्मनचा एक शब्द येत नसताना कोथिंबीर, मिरच्या घेऊन परत. इथे वर्षाचा पास २०१२ ते २०२५ पर्यंत ३६५ युरोला होता, म्हणजे दिवसाला एक युरो.

युरोपात हे आपोआप झालं नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे गाड्यांना झुकतं माप देणारं धोरण बदललं.

तुम्ही अमेरिकेला जाणार असाल तर न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागोच्या जुन्या वस्त्यांत गाडीशिवाय नक्की राहता येतं. फक्त भाडेकरार करण्याआधी एकदा त्या घरापासून किराण्याच्या दुकानापर्यंत पायी जाऊन बघा, आणि आईवडील येणार असतील तर त्यांच्या चालीनं.