घाटातली मजा आणि तीन वर्षांनी घ्यायचं घर

प्रश्न : मी ३२ वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. हातात महिन्याला १ लाख ३० हजार येतात. नवऱ्याने गेल्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं; त्याचे सरासरी ५० हजार येतात, पण दर महिन्याला सारखे नाहीत. भाडं, विमा, सगळं धरून खर्च १ लाख २० हजार, एसआयपी ५० हजारांची. एफडीत १३ लाख, म्युच्युअल फंडात ४ लाख. तीन वर्षांनी ८० लाखांपर्यंतचा फ्लॅट घ्यायचाय. सध्या २०१५ची स्विफ्ट आहे, तिचे ३ लाख येतील. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. ऑफिसला तीच, पावसातही तीच आणि महिन्यातून एकदा चिपळूणला आईबाबांकडे कुंभार्ली घाटातून जायलाही तीच. तीन गाड्या मनात आहेत : नवी व्हर्टस जीटी १.५ ऑटोमॅटिक (ऑन-रोड २२ लाख), नवी आय-२० एन लाइन मॅन्युअल (१२ लाख ३० हजार), किंवा २०२३ची एका मालकाची स्लाव्हिया १.५ मॅन्युअल (१२ लाख). शोरूमवाले म्हणतात, व्हर्टसला १५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी घ्या, हप्ता फक्त २४ हजार. घरचे म्हणतात, वेगाच्या गाडीचा नाद हा मूर्खपणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. आवड हा मूर्खपणा नाही. चांगली चालणारी गाडी आवडणारी माणसं ती नीट सांभाळतात, टायर वेळेवर बदलतात आणि गाडी जास्त वर्षं ठेवतात, असं मी माझ्या अशिलांमध्ये पाहत आलेय. ज्या गोष्टीतून तुम्हाला आठवड्याचे तीन-चार दिवस खरा आनंद मिळणार, तिच्यासाठी पैसे बाजूला काढणं हे नियोजनातच बसतं. प्रश्न आहे तो किती काढायचे आणि ते कुठल्या कप्प्यातून येतात, एवढाच.

आणि इथे ते घराच्या कप्प्यातून येतायत.

८० लाखांच्या फ्लॅटला बँक साधारण ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देईल. उरलेले १६ लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. एकूण २२ लाख हाताशी हवेत. (घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ते ८० हजार सोडू नका. नवऱ्याशी बोलून ठेवा.) आता तुमच्याकडे काय जमतं ते पाहू. नवऱ्याचं उत्पन्न अनियमित असल्यामुळे सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ७ लाख, एफडीत हात न लावता ठेवायचे. उरतात ६ लाख, फंडातले ४ आणि तीन वर्षांच्या एसआयपीचे १८ लाख. फंडावरचा परतावा मी मुद्दाम धरलेला नाही. हे २८ लाख झाले. म्हणजे गाडीच्या वाट्याला ६ लाख आणि स्विफ्टचे ३ लाख. घराला अजिबात धक्का न लावता तुम्हाला ९ लाखांची गाडी परवडते. तुमच्या तिन्ही गाड्या या रेषेच्या वर आहेत. पण किती वर, यात फार मोठा फरक आहे.

व्हर्टसचं गणित असं. स्विफ्टचे ३ आणि एफडीतले ४ लाख भरले, १५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं. हप्ता २४,१३४ रुपये. शोरूमवाल्यांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे. त्यांनी सांगितलं नसेल ते हे, की सात वर्षांत व्याजच सव्वापाच लाखांच्या वर जातं. तीन वर्षं हप्ते भरून झाल्यावरही ९ लाख ७० हजार देणं बाकी असतं. तोपर्यंत घरासाठी जमलेले असतील सव्वापंधरा लाख, म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख कमी. हप्ता जाऊन महिन्याला उरणार २६ हजार, त्यामुळे ही तूट भरून यायला आणखी दोन वर्षांहून जास्त काळ लागेल.

याहून मोठी अडचण गृहकर्जाच्या अर्जावर येते. नवऱ्याचं काम नवीन आहे. स्वतःचा व्यवसाय असलेल्यांकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. त्याचं उत्पन्न धरलं जाईलच असं गृहीत धरून चालणार नाही. एकट्या तुमच्या पगारावर, निम्म्या पगाराएवढे हप्ते चालतील असं मानलं, तर ६५ हजारांचा हप्ता बसतो. वीस वर्षं, ८ टक्के या हिशोबाने ७७ लाखांचं कर्ज मिळू शकतं आणि तुम्हाला हवेत ६४ लाख. छान बसतंय. पण गाडीचा २४ हजारांचा हप्ता चालू असेल तर बँक तो आधी वजा करते. उरतात ४० हजार ८६६ आणि तेवढ्यावर मिळतात जेमतेम ४९ लाख. गाडीचं कर्ज १५ लाखांचं, पण घराच्या कर्जातून २८-२९ लाख कापले गेले. गाडी घेताना हे कुणी सांगत नाही, आणि फ्लॅटचं टोकन देऊन बसलेली माणसं माझ्याकडे नेमकी हीच अडचण घेऊन येतात. त्या वेळी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

म्हणून तुमच्यासाठी एकच अट मी पक्की ठेवेन. गाडी कुठलीही घ्या, तिचं कर्ज घराच्या अर्जाआधी पूर्ण फिटलेलं हवं. म्हणजे तीन वर्षं, त्याहून एक महिनाही जास्त नाही. १५ लाखांचा तीन वर्षांचा हप्ता ४७ हजारांच्या पुढे जातो, म्हणजे एसआयपी जवळजवळ बंद. व्हर्टस इथेच यादीतून जाते. ती वाईट गाडी आहे म्हणून जात नाही. १५० पीएस ताकदीचं इंजिन, २५० न्यूटन मीटर टॉर्क, ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे, सगळं खरं आहे. ह्युंदाई व्हर्नाची १६० पीएसची टर्बो तुम्ही लिहिलेली नाही, पण मनात आलीच असेल. किमतीत ती याच पंगतीत बसते, त्यामुळे उत्तर बदलत नाही.

आणखी एक हिशोब बघा. सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्यांना ४० टक्के. आय-२० एन लाइन ३९९५ मिलिमीटर लांब आणि ९९८ सीसीची, म्हणून १८ टक्क्यांत. व्हर्टसची लांबी आणि इंजिन दोन्ही मर्यादेबाहेर, म्हणून ४० टक्क्यांत. त्यावर महाराष्ट्राचा वाहन कर (रोड टॅक्स), १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, आणि तोही जीएसटीसकट किमतीवर. तुमची दोन्ही कोटेशनं मांडली तर दोन गाड्यांतला फरक ९ लाख ७० हजारांचा. त्यातले साधारण ४ लाख ७० हजार निव्वळ कराचे आहेत. गाडी म्हणून जी जास्त मिळते ती ५ लाखांच्या आतली. जुनी गाडी विचारात घ्यायला मी सांगते ते यासाठीच. तो कर पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि विकताना त्याचा बराच भाग त्याच्या पदरात परत पडत नाही.

पेट्रोलची काळजी वाटत असेल तर ती सोडा. वर्षाला १२ हजार किलोमीटर, पुण्यात लिटरला १०४ रुपये, लहान इंजिनाचं ॲव्हरेज १३ आणि मोठ्याचं साडेअकरा धरलं, तरी फरक महिन्याला हजार रुपयांचा. घसाऱ्याचं तसं नाही. माझ्या अंदाजाने पाच वर्षांत व्हर्टस १२ लाखांनी उतरेल, उरलेल्या दोघी सहा-सव्वासहा लाखांनी. गाडी महाग पडते ती तिथे.

आता राहिल्या दोन. पैशाच्या बाजूने त्या जवळजवळ सारख्याच आहेत. आय-२०ला स्विफ्टचे ३, एफडीचे ३ आणि ६ लाख ३० हजारांचं कर्ज. ९ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता २० हजार. स्लाव्हियाला कर्ज ६ लाख, पण जुन्या गाडीचा दर जास्त. साडेबारा टक्के धरले तरी हप्ता तेवढाच, २० हजार. दोन्हीत घर साधारण आठ-नऊ महिने पुढे जातं आणि अर्जाच्या दिवशी डोक्यावर कर्ज शून्य. आवडीसाठी आठ-नऊ महिने थांबणं मला पटतं. दोन वर्षांहून जास्त थांबणं आणि वर पंधरा लाखांनी कमी कर्ज, हे पटत नाही.

मग निवड गाडीच्या कामावरून करायची. एन लाइन हलकी, स्टिअरिंग चटपटीत, १२० पीएस, शहरात आणि पार्किंगमध्ये सुखाची. नवी असल्याने तीन वर्षं वॉरंटीची चिंता नाही. पण सस्पेन्शन कडक आहे, डिकी ३११ लिटरची आणि मागे आईबाबा बसणार असतील तर पाटणच्या पुढच्या रस्त्यावर त्यांच्या पाठीचा विचार करा. आय-२०ला ग्लोबल एनकॅपच्या २०२२च्या चाचणीत तीन तारे मिळाले होते. ती चाचणी दोन एअरबॅगांच्या गाडीची होती आणि आता सहा येतात, हे खरं. तरी स्लाव्हियाचे पाच तारे माझ्या मनात जास्त वजन टाकतात. स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटर, जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आणि इंजिन तेच, जे तुम्हाला व्हर्टसमध्ये आवडलंय. दोन्ही गाड्या चाकणच्या एकाच कारखान्यात तयार होतात. तुमच्या हाती आलेली गाडी मॅन्युअल आहे, ही तर जमेची बाजू. ऑटोमॅटिकमधला कोरडा दुहेरी क्लच हिंजवडीच्या थांबत-सरकत चालणाऱ्या रांगेत तापतो आणि वॉरंटी संपल्यावर त्या गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. मॅन्युअलमध्ये डावा पाय दुखेल, पण क्लच प्लेटचं काम त्यामानाने आवाक्यातलं असतं.

माझा कौल स्लाव्हियाला. मात्र गाडी तपासणीत पास झाली तरच.

ती एप्रिल २०२३नंतर तयार झालेली आहे ना, हे आधी बघा. तेव्हापासूनच्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे करणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड काढून घ्या आणि विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास. गाडी पाण्यात बसलेली आहे का, यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला चिखलाचा डाग आहे का पाहा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज पाहा, स्टेपनीच्या खोबणीत हात घाला. शंका आली तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही. तुमचा स्विफ्टवरचा मात्र तुमच्याबरोबर येतो. स्विफ्ट विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र नक्की मागा.

चिपळूणला जाणाऱ्या गाडीला विम्यात इंजिन संरक्षण हवंच. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते तुमच्या आईबाबांनी पाहिलंच असेल. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण इंजिनात पाणी गेल्यावर गाडी चालू केली आणि इंजिन गेलं, तर ते नुकसान सहसा नाकारलं जातं. इंजिन संरक्षण आणि झिरो डेप्रिसिएशन (क्लेम देताना भागांचा घसारा न कापणारं), ही दोन्ही जोड-संरक्षणं घ्या. बाकीची नसली तरी चालतील. आणि पाण्यात बसलेली गाडी सुरू करायची नाही, थेट टो करायची, हे नवऱ्यालाही सांगून ठेवा.

गाडी आवडणाऱ्या मित्रांपैकी कुणीतरी रिमॅप सुचवेलच : सॉफ्टवेअर बदलून तीस-चाळीस हजारांत पीएस वाढतात वगैरे. करू नका. उरलीसुरली वॉरंटी जाते आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेम नाकारायला कारण ठरू शकतो. तेच पैसे चार चांगल्या टायरांना द्या. २०५/५५ आर १६ हे माप सर्रास मिळतं आणि ओल्या घाटात गाडी वळणावर कशी धरते ते टायरवरच ठरतं.

शेवटी खर्चाची सोय. एसआयपी ३० हजारांवर आणली की हप्त्याचे २० हजार निघतात, आणि खर्च जाऊन तुमच्याकडे जे १० हजार उरतात त्यातले ५ हजार गाडीच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. सर्व्हिस, टायर, विमा आणि वॉरंटी संपल्यानंतरचं एखादं अनपेक्षित काम, सगळं त्यातून. ७ लाखांच्या एफडीला गाडीसाठी हात लावायचा नाही. स्लाव्हिया तपासणीत नापास झाली तर दुसरी जुनी गाडी शोधायला दोन महिने द्या, स्विफ्ट चालतेय. तोवरही मनासारखी नाही मिळाली तर एन लाइन घ्या, तीन वर्षांच्याच कर्जावर. तिच्या एक्स-शोरूम किमतीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला प्राप्तिकर) लागेल, तो विवरणपत्रात वळता करून घ्यायला विसरू नका.