सोसायटीत नवे पांढरे एलईडी लागल्यापासून तारे दिसेनासे झालेत आणि झोपही नीट लागत नाही. दोन्हींचा संबंध आहे का? आणि काही करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या टाकीवर दोन फ्लडलाइट बसले, रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले, तेव्हापासून गच्चीवरून कृत्तिका धड ओळखू येत नाहीत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये रात्रभर चांदणं पडल्यासारखं वाटतं. संबंध आहे. पण यात दोन वेगळ्या भानगडी मिसळल्यात. एक म्हणजे डोळ्यावर आणि खिडकीवर थेट येणारा झोत. दुसरी म्हणजे सगळ्या शहराचा उजेड हवेत आणि धुळीत विखरून आकाशच फिकट होणं. पहिलीवर सोसायटीत उपाय होतो, दुसरीला नगरपालिका लागते. तुमच्याकडे कुठली किती आहे, ते आधी बघा.

अमावास्येच्या आसपासची स्वच्छ रात्र निवडा. गच्चीवर टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, जिथून एकही दिवा थेट दिसत नाही अशा जागी, वीस ते तीस मिनिटं बसा. मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि मध्ये एकदा स्क्रीन पाहिली की बरीचशी मेहनत वाया जाते. मग कृत्तिकेतले तारे मोजा. त्यातला सर्वांत ठळक २.९ प्रतीचा आहे आणि सहावा साधारण ४.३ चा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). सहा दिसले तर शहराच्या मानाने आकाश बरं आहे. तीन-चारच दिसले तर तारे दिसण्याची मर्यादा चार प्रतीच्या अलीकडे आली. उन्हाळ्यात कृत्तिका नसतात, तेव्हा सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधा, ती ४ प्रतीची आहे. लग्नात ती दाखवायचा विधी अजून होतो. मांडवातल्या हॅलोजनखाली उभं राहून भटजी बोट करतात त्या दिशेला नेमकं काय दिसतं, हा वेगळा विषय.

आता आडोशातून बाहेर या, फ्लडलाइट समोर दिसेल असे उभे राहा आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आडोशात तारे बरेच जास्त दिसत असतील तर तुमचा मुख्य शत्रू टाकीवर बसलाय आणि तो पान्याने आटोक्यात येईल. दोन्हीकडे सारखेच दिसत असतील तर आकाशच उजळलंय.

ते किती उजळतं याचा अंदाज हवा असेल तर आकाशाची चमक मोजणाऱ्या छोट्या मीटरचे आकडे बघा. नैसर्गिक काळोखात तो २२ च्या जवळपास दाखवतो, मोठ्या शहरात १७-१८. हे प्रमाण प्रतीचंच असल्याने चार आकड्यांचा फरक म्हणजे चौपट नव्हे, चाळीसपट. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही. आणि २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ मधल्या पन्नास हजारांहून जास्त नोंदींवरून, आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय असं निघालं. या वेगाने आज जिथे २५० तारे दिसतात, तिथे अठरा वर्षांनी शंभरच उरतील. उपग्रहांच्या मोजणीत वाढ याहून बरीच कमी दिसते. त्याचं एक कारण म्हणजे त्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला निळा उजेड जवळजवळ दिसत नाही. नेमके आपले नवे दिवे निळ्याकडे झुकलेले.

इथे ‘पांढरे दिवे’ हा मुद्दा येतो. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने, म्हणजे हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून, निळसर दिवा आकाश जास्त खराब करतो. जुन्या सोडियमच्या पिवळ्या उजेडाच्या तुलनेत एलईडीतला निळा भाग, तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास, स्वच्छ हवेत साधारण तिप्पट विखुरतो. हवेत धूळ आणि बाष्प असेल तर रंगाचा फरक कमी होतो, पण एकूण उजेड वाढतो. म्हणून हिवाळ्यात धूर खाली साचून राहतो त्या रात्री निराशा होते, आणि पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असते त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच आकाश बरं वाटतं. तुलना करायची तर एकाच मोसमातल्या रात्रींची करा, नाहीतर दिवा बदलल्याचं श्रेय पावसाला जाईल.

झोपेचं सांगतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचं काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या चित्र बनवत नाहीत, ‘दिवस की रात्र’ एवढंच मेंदूला कळवतात, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. त्यांनी ‘दिवस’ म्हटलं की मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक उशिरा आणि कमी स्रवतं. तज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशीनुसार झोपण्याआधीच्या तीन तासांत डोळ्यांपाशी उजेड १० लक्सच्या (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) आत आणि झोपेत १ लक्सच्या आत असावा. हे लक्स निळ्या भागाला वजन देऊन मोजलेले आहेत. तुलनेला, पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स.

तुमच्या उशीपाशी किती उजेड आहे हे मोबाइलच्या ॲपवर बघू नका. पाच लक्सच्या खाली बहुतेक फोनचे सेन्सर एकतर शून्य दाखवतात नाहीतर उड्या मारतात. घरातले दिवे घालवून दहा मिनिटं थांबा आणि वर्तमानपत्र उघडा. नुसते मथळे वाचता आले तर चांदण्याएवढा उजेड. आतला बारीक मजकूर वाचता आला तर एक लक्सची मर्यादा बहुधा ओलांडली आहे.

एकाच खोलीत नवरा घोरतोय आणि बायको जागी, असं होतं तेव्हा ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून सोडून देऊ नये. उजेडाने मेलाटोनिन किती दबतं यात माणसामाणसांत पन्नासपटीहून जास्त फरक असतो, असं २०१९ च्या एका प्रयोगात दिसलं. मात्र पथदिव्यामुळे कॅन्सर होतो असं कुणी सांगितलं तर थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलंय ते रात्रपाळीच्या कामाला, खिडकीतल्या उजेडाला नव्हे. आणि एक कटू गोष्ट: रात्री साडेदहापर्यंत हॉलमध्ये पांढरी ट्यूब लावून बसणाऱ्या घरात सर्वांत मोठा दोषी सहसा ती ट्यूब असते, रस्त्यावरचा दिवा नंतर येतो. संध्याकाळी आठनंतर २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर) एखादा दिवा वापरून बघा, खर्च सर्वांत कमी तिथेच आहे.

आता फ्लडलाइट. ५० वॉटचा एलईडी साधारण ५००० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देतो, म्हणजे जुने ६० वॉटचे सात बल्ब एका जागी. तो टाकीवर ४५ अंशांत वाकवून लावला की निम्मा झोत पार्किंगवर पडतो, उरलेला समोरच्या इमारतीवर आणि क्षितिजालगत. क्षितिजाच्या थोडा वर, वीसएक अंशांपर्यंत जाणारा उजेड सर्वांत वाईट, कारण तो हवेतून सर्वांत लांबचा प्रवास करतो आणि कित्येक किलोमीटरवरचं आकाश खराब करतो. दिव्याच्या मागच्या यू आकाराच्या पट्टीचे दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले करा, काच जमिनीला समांतर होईल इतकी मान खाली घाला आणि आवळा. मग समोरच्या आणि स्वतःच्या खिडकीतून बघा. जमिनीवरचा उजेड दिसायला हवा. काचेमागची पिवळी चिप दिसत असेल तर अजून काम बाकी आहे, त्या बाजूला काळ्या पत्र्याची झापड लावा.

इथे हमखास एक चूक होते. मान खाली केली की दिव्याखाली लख्ख आणि कोपऱ्यात अंधार होतो, लोक ओरडतात आणि कमिटी शंभर वॉटचा दिवा आणते. उलट करायचं: टाकीवरचा एक ५० वॉटचा काढून तीन मीटर उंचीवर भिंतीला १० वॉटचे तीन, तोंड खाली. पार्किंगला पाच ते दहा लक्स पुरतात, समान पसरलेले असले पाहिजेत एवढंच. चोराला लपायला काळोखापेक्षा झगमगाटामागची गडद सावली जास्त सोयीची, आणि मोतीबिंदू सुरू झालेल्या आजोबांना तर झगमगाटात पायरीच दिसत नाही.

रंग ३००० केल्विन किंवा कमी घ्या. खोक्यावर ‘कूल डेलाइट ६५००’ लिहिलेलं असेल तर परत द्या. पांढऱ्या दिव्यावर पिवळा जिलेटिन कागद चिकटवायचा उपाय लोक सांगतात, तो उष्णतेने लवकरच फिका पडून सोलतो.

रात्री अकरानंतर निम्मे दिवे बंद, उरलेले हालचालीच्या सेन्सरवर. साधा पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता ओळखतो, त्यामुळे मे महिन्यात हवा शरीराएवढी तापली की मंदावतो. तो रस्त्याकडे तोंड करून लावला तर प्रत्येक रिक्षाला पेटतो. मायक्रोवेव्ह सेन्सर तापमानाला जुमानत नाही, पण पातळ भिंतीपलीकडच्या हालचालीनेही चालू होतो. टायमर बॅटरी बॅकअपचा घ्या, नाहीतर दर वेळी वीज गेली की तेवढा मागे पडतो. अंधार पडताच आपोआप पेटणारा फोटोसेल लावणार असाल तर त्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडता कामा नये. पडला की दिवा पेटतो, फोटोसेलला सकाळ वाटते, विझतो, पुन्हा पेटतो, आणि लोक म्हणतात दिवा खराब निघाला.

पथदिव्यांचं दुखणं बऱ्याचदा खांबाच्या हातात, म्हणजे दिवा धरणाऱ्या दांडीत, असतं. जुन्या सोडियम दिव्यांसाठी तो १०-१५ अंश वर उचललेला असायचा. त्यावर सपाट काचेचा एलईडी तसाच बसवला की तोही वर तोंड करतो. अर्जात ‘दिवा बंद करा’ लिहू नका, सुरक्षेचं कारण देऊन तो फेटाळला जाईल. खांबाचा क्रमांक, खिडकीतून काढलेला फोटो, आणि मागणी एवढीच: दिवा आडवा करा आणि घराच्या बाजूने झापड लावा. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे नेमकी आणि स्वस्त मागणीच पुढे सरकते.

आणि हे फक्त परदेशात जमतं असं नाही. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी तिथल्या चार गावांतले शंभरहून जास्त दिवे बदलून तोंडं जमिनीकडे वळवली. गावं अंधारात गेली नाहीत.

बेडरूमला पडदा लावणार असाल तर कापडाच्या जाडीपेक्षा कडा बघा. उजेड वरच्या दांडीमागून आणि बाजूंनी शिरतो. दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर जास्त, आणि दांडी शक्य तितकी भिंतीजवळ. पण आपल्या उकाड्यात पडदा म्हणजे वाराही बंद, म्हणून मी तो शेवटी ठेवतो. आधी टाकीवर पाना घेऊन कुणाला तरी चढवा, आणि त्याआधीच्या रात्रीची कृत्तिकांची मोजणी तारीख-वेळेसह लिहून ठेवा. कमिटीच्या बैठकीत ‘आधी तीन, आता पाच’ हे ‘उजेड फार आहे’पेक्षा लवकर पटतं.